गवतात उभी असलेली माणसं

प्रिय चोंबडे,

मंगळवारी फोनवर तू "आई, मी बंद करतेय" म्हणालीस आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. तेव्हापासून तुझे बाबा माझ्याशी धड बोलत नाहीयेत. त्यांचं म्हणणं असं की पोरगी रडकुंडीला आली होती आणि मी आपली, उद्या दूध नको म्हणून दूधवाल्याला सांगावं, तशी बरं म्हणून मोकळी झाले. आता त्यांना काय सांगायचं? फोन कानाला लागला की माझी बोलती बंद होते, हे तुला चांगलं ठाऊक आहे. हातात काहीतरी टोकदार असल्याशिवाय मला विचारच करता येत नाही. म्हणून टेबलावरचे रंग बाजूला सारून हे लिहायला बसलेय. सोमवारी तुला सभागृहाच्या संचालिकाबाईंना उत्तर द्यायचंय, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं. बाबा उद्या सकाळी स्वतः येऊन तुझ्या दाराखालून सरकवणार आहेत, बेल न वाजवता. तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय, पण त्यांचा भरवसा नाही. नीट पहिल्यापासून वाच. शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड इथे कामाची नाही.

आधी तुझं म्हणणं मला बरोबर समजलंय का ते बघ. संचालिकाबाई म्हणतात, "फालतू प्रश्न" हा कार्यक्रम चालू राहायचा असेल तर त्यातले प्रश्न फालतू नकोत. त्या समीक्षकमहाशयांनी वर्तमानपत्रात "थोरांची थट्टा" असा मथळा देऊन तुला धुतल्यापासून बाईंची पाचावर धारण बसलीय. यापुढे तुझे प्रश्न आधी समीक्षकांना दाखवायचे आणि ते हो म्हणतील तेवढेच विचारायचे. हे मान्य नसेल तर पुढच्या महिन्याची संध्याकाळ दुसऱ्या कुणाला तरी द्यायची. आणि तू, जिच्या घशाखाली एक गोळी उतरवायला आम्हा दोघांना घाम फुटायचा, ती तू म्हणतेस की त्यांचंच बरोबर असेल. "मी मोठमोठ्या माणसांना समोर बसवून माकडचेष्टा करते, त्यापेक्षा बंदच करते." ते ऐकून मला राग आला. माझं "बरं" रागाचं होतं. फक्त तो राग तुझ्यावर नव्हता, आणि कुणावर ते मला पटकन सांगता येईना.

तुला आठवत नसेल, पण या धंद्यातला तुझा पहिला फालतू प्रश्न तू मला विचारलास. तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. मी सर्कशीच्या पुस्तकावर काम करत होते आणि तू नेहमीप्रमाणे टेबलाखाली माझ्या पेन्सिलींची सालं गोळा करत होतीस. मधेच डोकं वर काढलंस, चित्राकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आई, यांचे पाय गवताने खाल्ले का?" मी ब्रश खाली ठेवला. सर्कशीच्या तंबूत, हत्तीच्या शेजारी, झुल्याच्या खाली मी गुडघाभर गवत उगवून ठेवलं होतं आणि त्यात विदूषकापासून मालकापर्यंत सगळे उभे होते. मी तुला म्हटलं, चल, जेवायची वेळ झाली. जेवायची वेळ झालीच नव्हती. तू जेवलीस मात्र पोटभर, आणि जेवताना टेबलाखाली वाकून माझे पाय जागेवर आहेत का ते बघून घेतलंस.

खरं सांगायचं तर मला पाय काढता येत नाहीत. कधीच आले नाहीत. माझे पाय एकतर इस्त्रीसारखे होतात नाहीतर पावासारखे फुगतात. चेहरे म्हणशील तर डोळे मिटून काढीन. हात काढीन, हातातली सुई काढीन, सुईतला दोरा काढीन. पण घोट्याच्या खाली उतरले की माझी भंबेरी उडते. म्हणून माझी सगळी माणसं गवतात उभी असतात. गवत शक्य नसेल तिथे वाळूत रुतलेली असतात, बाजारात टोपल्यांच्या मागे असतात, राजे असतील तर पायघोळ झगे घालतात. तुझ्या बाबांनी हे पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. माझ्या पुस्तकांतला पोस्टमन, न्यायाधीश, दरोडेखोर आणि तो रडका राक्षस हे सगळे त्यांच्यावरूनच काढलेत, पण गुडघ्यापर्यंतच. ते पाहुण्यांना सांगतात, हिने मला गुडघ्याखाली कधी ओळखच दाखवली नाही. पाहुण्यांना वाटतं, काहीतरी घरगुती विनोद असेल. बाकी प्रकाशक झाले, संपादक झाले, पारितोषिकं देणाऱ्या समित्या झाल्या, कुणाच्या म्हणून लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते टेबलाखालच्या एका चोंबडीच्या.

आणि त्या समीक्षकांनी काय केलं ठाऊक आहे? त्यांनी चित्रकारांवर तो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात माझ्या गवतावर एक आख्खं प्रकरण आहे. माझं गवत म्हणजे मातीची आर्त ओढ आहे. माझं गवत म्हणजे माणूस जमिनीतून उगवतो याची खूण आहे. वाचताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू? तुझे बाबा मात्र मोठ्याने वाचून दाखवता दाखवता खुर्चीतून घसरले. त्यांचा चष्मा वाकला तो तेव्हाचा. मी कुणाला काही बोलले नाही. एवढा शिकलेला माणूस एवढं छान काहीतरी म्हणतोय, तर म्हणू दे, असं वाटलं. एक मात्र मनात राहून गेलं की इतकी पानं लिहायच्या आधी या माणसाने मला एकदासुद्धा विचारलं नाही की बाई, इथे गवत का आहे? विचारलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. बहुतेक त्यांनाही जेवायलाच बोलावलं असतं.

आता तुझ्या कार्यक्रमाबद्दल. पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांवर माणसं बसवून तू तो सुरू केलास तेव्हापासून आम्ही दोघं एकही संध्याकाळ चुकवलेली नाही. तुला वाटतं, कधीमधी येत असतील. प्रत्येक वेळी आलोय, शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला. मी डोक्याला रुमाल बांधते. बाबांनी काळा चष्मा लावायचा हट्ट एकदा केला आणि जिन्यात एका बाईंच्या अंगावर धडकले, तेव्हापासून ते साधेच येतात. त्यांचा त्रास वेगळाच आहे. ते प्रश्न संपायच्या आतच हसतात. मोठे झालेले, नाव कमावलेले चित्रकार आणि आरेखनकार तुझ्यासमोर येऊन बसतात, जन्मभर गंभीर चेहरा करून फिरलेले, आणि तू त्यांना त्यांच्या कामाबद्दल, पारितोषिकांबद्दल, प्रेरणेबद्दल एक अक्षर विचारत नाहीस. तू खुर्चीखाली चपला काढतेस, पाय जमिनीला टेकवतेस, आणि तुझ्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढला की मी बाबांना कोपराने ढोसते. आला आता, फालतू प्रश्न आला. लहानपणी तुला काही आगाऊ विचारायचं असलं की हेच व्हायचं. तोंड उघडायच्या आधी अंगठा चढायचा.

ते गोलवाले काका आले होते ती संध्याकाळ मी विसरणार नाही. ज्यांनी काढलेला गोल बसवर आहे, बँकेच्या दारावर आहे, दुधाच्या पिशवीवर आहे, ते काका. कडक कॉलर, त्याहून कडक मान. तू विचारलंस, "तुमचा तो गोल सुट्टीच्या दिवशी काय करतो?" काकांनी हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "पलंगाखाली घरंगळत जातो आणि तिथेच पडून राहतो. मला वाकून काढावा लागतो. हल्ली वाकवत नाही, म्हणून मीच त्याला म्हणतो, राहा बाबा." लोक आधी खो-खो हसले आणि मग एकेक करून गप्प झाले, कारण सगळ्यांच्या लक्षात आलं की या माणसाने काम थांबवलंय आणि ते आत्ता, इथे, पहिल्यांदा सांगितलंय. कुठल्या गंभीर प्रश्नाने ते बाहेर आलं असतं, सांग मला. आणि अक्षरं घडवणाऱ्या त्या बाई! निम्मी पुस्तकं ज्यांच्या अक्षरांत छापली जातात त्या. कुठलं अक्षर घरी राहायला ठेवून घ्याल, असं तू विचारलंस तर क्षणाचा विलंब न लावता म्हणाल्या, "ढ." बाकीची अक्षरं पाहुणी आली की आधी आरसा शोधतात, ढ आला की जागा मिळेल तिथे बसतो आणि वाढाल ते खातो. मग हळूच म्हणाल्या, शाळेत मला तेच म्हणायचे, त्यामुळे आमची जुनी ओळख आहे. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बुवांनी चष्मा काढून पुसला.

आणि तुझी ती अट. खुर्चीत बसायचं असेल तर पाहुण्याने आधी एक चित्र पाठवायचं, जन्मभर जी गोष्ट काढता येत नाही म्हणून लपवली तिचं. ते चित्र खुर्चीच्या मागे टांगायचं, चित्र नाही तर खुर्ची नाही. गोलवाल्या काकांनी पट्टी न वापरता काढलेली एक सरळ रेघ पाठवली होती, ती बिचारी थंडी वाजल्यासारखी थरथरत होती. अक्षरवाल्या बाईंचं मांजर बटाट्यासारखं होतं. एवढी मोठी माणसं आपापली फजिती स्वतःच्या हाताने लिफाफ्यात घालून तुला पाठवतात, त्याखाली सही करतात, आणि मग त्याखाली बसून लहान मुलांसारखी हसतात. ही अट तुला कुठून सुचली असं लोक विचारतात आणि तू म्हणतेस, अशीच सुचली. मला रुमालाच्या आत हसू येतं. एकदा माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, काय बाई आहे ही, कुठून येतं हिच्या डोक्यात! मला इतकं म्हणावंसं वाटलं की अगं, ही माझी आहे, नखशिखांत माझी आहे. बाबांनी तोंड उघडलंच होतं. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. तुझी सक्त ताकीद आहे ना, की तू कुणाची मुलगी ते कुणाला कळता कामा नये. आम्ही ती पाळलीय. पण बाबांची मांडी किती वेळा काळीनिळी झाली ते तुला माहीत नाही.

आता त्या संध्याकाळबद्दल, जिच्यामुळे हे सगळं झालं. पक्षीआजोबा आले होते. शाळेच्या पुस्तकातला एकूण एक पक्षी ज्यांनी काढला ते, माझे जुने सहकारी. खुर्चीमागे त्यांचं चित्र होतं, हसणारा माणूस, पण दाढ दुखत असल्यासारखा. तू विचारलंस, "तुमच्या पुस्तकातले सगळे पक्षी एके दिवशी उडून गेले, तर आधी कोण परत येईल?" आजोबा जमिनीकडे बघत राहिले. तू वाट बघितलीस. लोक चुळबुळायला लागले. आणि आजोबा उठले, टोपी उचलली आणि एकही शब्द न बोलता पायऱ्या उतरून चालते झाले. बाबा पहिल्यांदाच हसायचे विसरले. मी तुझ्या पायांकडे बघितलं. अंगठा खाली उतरला होता आणि दोन्ही पाय एकमेकांना चिकटून बसले होते, डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसतात तसे. पहिल्या रांगेत समीक्षक खाली मान घालून भराभर लिहीत होते. थोर माणसाचा भर सभेत अपमान, असं त्यांनी छापलं, आणि तूही ते खरं मानलंस. दोन आठवडे तू मनात तेच घोळवत बसलीस.

तर ऐक. काल पक्षीआजोबा आपल्या घरी आले होते. न कळवता, खांद्यावर पुस्तकांनी भरलेली पिशवी आणि धाप लागलेली. बसा म्हटलं तर बसले नाहीत, आधी भिंग मागितलं. टेबलावर त्यांची सगळी पुस्तकं उघडून ठेवली आणि मला म्हणाले, "हे बघ, मला चूक उत्तर द्यायचं नव्हतं." मला काही समजेना. मग हळूहळू कळलं. तो प्रश्न ऐकल्यावर त्यांच्या मनात आलं की आधी कोण उडू शकेल ते बघायला हवं, म्हणजे आपण कुणाची नखं फांदीवर किती घट्ट रोवलीत ते तपासायला हवं, आणि ते काही आठवेना. म्हणून ते घरी गेले. एवढंच! पुस्तकं तपासायला गेले. तेव्हापासून ते भिंग घेऊन स्वतःच्याच पक्ष्यांचे पाय तपासतायत, त्यांची सून म्हणे वैतागलीय. माणसाला निघताना दोन शब्द बोलावेत हेही सुचलं नाही, आणि त्यात काही चुकलं असंही त्यांना वाटलं नाही. हे फक्त आमच्या धंद्यातच होऊ शकतं. उत्तर त्यांना मिळालंय. घुबड जाणारच नाही, त्याची पकड फार घट्ट झालीय, कारण ते काढलं तेव्हा आजोबा नवखे होते आणि पक्षी फांदीवरून पडेल अशी त्यांना भीती वाटायची. बाकीचे सगळे जातील. आणि परत येईल तो एकटा खंड्या, कारण त्याच्या चित्रात खाली पाण्यात एक मासा आहे आणि तो अजून त्याने खाल्लेला नाही. बाकी कुणी फिरकणार नाही, असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका खुलला की मी बघतच राहिले. म्हणाले, "आयुष्यभर लोकांनी मला एवढंच विचारलं की ब्रश कुठला वापरता. माझे पक्षी उडू शकतात हे धरून चालणारी ही पहिलीच."

ते वर्तमानपत्र वाचत नाहीत, त्यामुळे त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी कात्रण दाखवलं तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अपमान? माझा? आणि मला न विचारता?" असं दोनदा म्हणाले. मग पुस्तकं पिशवीत भरली आणि म्हणाले, त्या पोरीला सांग माझी खुर्ची ठेव, माझं उत्तर राहिलंय, सगळ्यांसमोर द्यायचंय. मी म्हटलं, कुठली पोरगी, मी कुठे ओळखते तिला? त्यांनी दारातून मागे वळून माझ्या नाकाकडे बघितलं, जे तू जसंच्या तसं घेतलंयस. "जन्मभर चोची काढल्यात मी. मला शिकवतेस?" आणि गेले. आपलं बिंग त्यांना ठाऊक आहे बरं का. पण ते कुणाला सांगणार नाहीत, पक्ष्यांना सोडून.

हे झालं कालचं. परवा आलेल्या पाहुण्यांबद्दल आता सांगते, आणि हे वाचताना तू उभी असशील तर खाली बस. परवा संचालिकाबाई आणि समीक्षक जोडीने आपल्याकडे आले होते. पुढच्या महिन्यात मला सत्तर वर्षं पूर्ण होतायत, त्यानिमित्त सभागृहाला माझी मोठी जाहीर मुलाखत घ्यायचीय. मुलाखत घेणार समीक्षक. तारीख विचारली तर तुझी संध्याकाळ. तुझ्याकडून काढून जी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची होती ना, ती दुसरी कुणीतरी म्हणजे मी. समोर बसून ते दोघं चहा पीत होते आणि समीक्षक मोठ्या उत्साहाने सांगत होते की त्या पोरकट कार्यक्रमानंतर सभागृहाची अब्रू सावरायला तुमच्यासारखं भारदस्त नाव हवं. कुणाच्या घरात बसून आपण बोलतोय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. बाबा उठले, समीक्षकांच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलली आणि आत घेऊन गेले. ती परत बाहेर आली नाही.

समीक्षकांनी प्रश्न लिहूनच आणले होते. पहिलाच होता, तुमच्या गवतातून व्यक्त होणाऱ्या मातीच्या ओढीविषयी विस्ताराने सांगा. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. भरलेलं सभागृह, हार, दिवे, आणि मी सत्तर वर्षांची बाई स्टेजवर बसून मातीच्या ओढीबद्दल थापा मारतेय, आणि शेवटच्या रांगेत खांबाच्या आडोशाला डोक्याला रुमाल बांधून तू. मी कागद परत केला. म्हटलं, मुलाखतीला मी तयार आहे, पण प्रश्न विचारायला मला ती फालतू प्रश्नवाली मुलगी हवी, आणि तिने फालतूच प्रश्न विचारायचे, कुणाला न दाखवता. समीक्षकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. संचालिकाबाई म्हणाल्या, पण तुम्ही तिला ओळखता का? मी म्हटलं, तिचं काम मी सुरुवातीपासून बघतेय, या शहरात माणसाला तोंड उघडायला लावणारी ती एकच आहे, बाकीचे स्वतःचं तोंड उघडतात. समीक्षकांनी कप खाली ठेवला. बाई मुरलेल्या आहेत, त्यांनी लगेच हिशेब केला की माझं नाव हातचं जाऊ द्यायचं नाही. म्हणाल्या, ती मुलगी हो म्हणाली तर माझी हरकत नाही, आणि मग तिच्या पुढच्या संध्याकाळीही तिच्या पद्धतीने होऊ देत. पण ती तर बंद करायचं म्हणतेय, सोमवारी कळवणार आहे. तेव्हा चोंबडे, आता सगळं तुझ्यावर येऊन थांबलंय.

तू मला कधीच का बोलावलं नाहीस ते मला माहीत आहे. आईच्या नावावर वर आली असं कुणी म्हणू नये म्हणून तू दात-ओठ खाऊन एकटीने हे उभं केलंस, आणि त्याचा मला इतका अभिमान आहे की तो कुठे ठेवावा ते कळत नाही. मी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणजे थोडं घेतलं. गोलवाल्या काकांना बोलावलंस, अक्षरवाल्या बाईंना बोलावलंस, कॅलेंडरांवर ढग काढणाऱ्या त्या माणसालासुद्धा बोलावलंस, ज्याचे ढग मला अजिबात आवडत नाहीत. पण आता काळजी करू नकोस. त्या संध्याकाळी कुणी म्हणालंच तर असं म्हणेल की ही म्हातारी मुलीच्या वशिल्याने खुर्चीत बसली, आणि मी त्याला ठणकावून सांगेन की हो, बसले. माझी एवढीच हाव आहे. सगळ्यांसमोर, रुमाल न बांधता, ही माझी मुलगी आहे असं एकदा मोठ्याने म्हणायचंय. आणि बाबांच्या मांडीलाही आराम मिळेल.

तर मुद्द्याची गोष्ट शेवटी. तुझा कार्यक्रम मोठ्या सभागृहात गेला, त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पँट दुमडून उभे राहतात आणि मी खाली बसून त्यांचे पाय काढते. आधी इस्त्र्या झाल्या, मग पाव झाले, एकदा एका पायाला सहा बोटं झाली ती बाबांनी पकडली. ते वरून ओरडतात, टाच विसरलीस, मला पाठीवर पाडणार आहेस का? या घरात इतकी वर्षं राहून मला त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हे आत्ता कळलं. तू कधी ना कधी बोलावशील आणि तेव्हा तयारी नसेल, ही मला धास्ती होती. तू बोलावलं नाहीस, तेव्हा मीच येतेय. पत्रासोबत एक जाड कागद आहे, घडी घातलेली नाही, जपून काढ. चित्र नाही तर खुर्ची नाही, ही तुझीच अट. हे माझं चित्र, खाली सही केलीय, आणि हा पाहुणी म्हणून माझा अर्ज समज. नापास करायचं तर खुशाल कर, पण सोमवारी त्या बाईंना कळवून टाक की तू कार्यक्रम बंद करत नाहीयेस. चित्रात एक लाकडी फळी आहे, खुर्चीचे दोन पाय आहेत, बाजूला काढून ठेवलेल्या चपला आहेत आणि दोन पावलं आहेत. बाबांची नाहीत, त्यांच्यावर मी नुसता हात बसवला. ही मी शेवटच्या रांगेतून पाठ केलीत. उजवा अंगठा शेजारच्या बोटावर चढलाय. गवत कुठेच काढलेलं नाही.

तुझीच, खुर्चीची वाट बघणारी,
आई